खेकड्यासाठी ओल

तो माणूस आज भेटला तरी मी त्याला सोडणार नाही. मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूच्या मैदानात तेव्हा हिवाळ्यात प्रदर्शन लागायचं. लोणची, कुडते, कधीच न चिकटणारे आणि घरी आणल्यावर पहिल्याच डोशाला चिकटणारे तवे. त्यातल्या एका टेबलावर जाळीच्या पिंजऱ्यात शंख चालत होते. प्रत्येकाला भडक रंग फासलेला, एकावर तर चक्क हसरा चेहरा काढलेला, आणि खालून इवलेसे पाय.

"हर्मिट क्रॅब, मॅडम. इसको कुछ नहीं लगता. दो दिन में एक बार पानी छिड़को, बिस्कुट डालो, बस."

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, नोकरी करत होते, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायचे. आणि या माणसावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. दोन खेकडे घेतले. काचेच्या बरणीत रंगीत खडे, एक बिस्किट आणि दोन खेकडे असा संसार मांडून दिला.

तीन आठवड्यांत एक मेला. आधी तो सुस्त झाला, मग शंखातून अर्धा बाहेर लोंबू लागला, मग वास आला. मी बरणी घेऊन प्रदर्शनात गेले तर तो माणूस हसून म्हणाला, "कोई बात नहीं, दूसरा ले जाओ." जणू पेनातली रिफिल संपली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा न घेता मी तिथून तरातरा निघाले, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत शिरले आणि तासभर वाचत बसले. तेव्हा कळलं की या प्राण्याला कल्ले असतात. कल्ले ओले राहिले तरच त्याला श्वास घेता येतो. हवा कोरडी झाली की तो गुदमरतो, आणि तेही चटकन नाही, दिवसेंदिवस. म्हणजे माझा खेकडा तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या टीव्हीशेजारी, गुदमरत होता आणि मी त्याला बिस्किट दाखवत होते.

उरलेला एक काही झालं तरी मरू द्यायचा नाही, हे मी त्या कॅफेतल्या मोडक्या खुर्चीत ठरवलं.

आता मुंबईच्या हवेत ओल कमी पडते असं कुणाला सांगितलं तर तो हसेल. आमच्या भाईंदर पूर्वेच्या घरात पावसाळ्यात पापड नरम पडायचे, चपलांना बुरशी यायची. पण डिसेंबर-जानेवारीत तिथेही ओठ फुटतात, टाचा उलतात, आणि नेमका तेव्हाच हा प्राणी माझ्या गळ्यात पडला होता. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडून मी माशांची जुनी टाकी आणली. गोडदेवला एका इमारतीचं काम चाललं होतं, तिथून रेती मागून आणली आणि सात पाण्यांनी धुतली. मुंबईत जाऊन हवेतली ओल दाखवणारं काट्याचं यंत्र आणलं. काटा सत्तर-ऐंशीच्या मध्ये हवा होता. माझा काटा पन्नासच्या वर सरकेना.

ऊब हवी म्हणून टाकीवर बल्ब लावला. तर काटा चाळिशीवर आला, कारण बल्बने उरलीसुरली ओलही शोषून घेतली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बल्ब काढला तर रात्री टाकी गार पडायची. शेवटी मी रबराची गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून टाकीखाली ठेवू लागले. ती पिशवी आईच्या गुडघ्यांसाठी आणलेली होती. आईने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गुडघ्यांना तेल लावून झोपली.

घरात आम्ही दोघीच. मी ऑफिसला गेले की आई दिवसभर एकटी. आणि आईचं ओलीशी हाडवैर होतं. गिरगावच्या चाळीत आमच्या खोलीची मागची भिंत बारा महिने झिरपायची. बाबांना दमा होता. त्या भिंतीला पाठ लावून रात्र रात्र बसलेले बाबा मला आठवतात. ते गेल्यावर आई म्हणाली होती, कुठेही चालेल, पण कोरडं घर बघ. म्हणून आम्ही भाईंदरला आलो, तेही सर्वात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची, दिवसभर ऊन. इथे आल्यापासून तिने काय काय उन्हात घातलं असेल! गाद्या, उशा, डाळी, मसाले, पायपुसणी, एकदा तर माझी ऑफिसची पर्स. घरातली कुठलीही अडचण आठवडाभर उन्हात ठेवली की सुटते असा तिचा सिद्धांत होता. आणि अशा बाईच्या दिवाणखान्यात मी मुद्दाम, यंत्र लावून, ओल तयार करत होते.

ती सरळ भांडली असती तर बरं झालं असतं. ती पंखा लावायची. संध्याकाळी मिठागरांच्या बाजूने डास यायचे, म्हणून पंखा पाचवर. पंख्याच्या वाऱ्याने टाकीतली ओल दोन तासांत पार. मी आले की पंखा बंद करायचे, ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "माणसांना डासांनी फोडलं तरी चालेल." मी टाकीत पाणी शिंपडायला ड्रममधून तांब्या भरला की म्हणायची, "एक दिवसाआड अर्धा तास पाणी येतंय, आणि तू ते वाळूत ओततेस." यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्तच राग यायचा.

घरी येणाऱ्या पाहुण्यांबद्दल तर बोलायलाच नको. टाकीत वाकून बघायचं, आणि मान वर करून विचारायचं, "मग कालवण कधी?" मावशीने विचारलं, मामेभावाने विचारलं, गॅसवाल्याने हिंदीत विचारलं. प्रत्येकाला वाटायचं हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलाय.

जानेवारीच्या सुरुवातीला खेकडा वाळूत खाली गेला आणि दिसेनासा झाला. मी पुन्हा कॅफे गाठला. तो कात टाकायला गेला होता. जुनं कवच सोडून नवं येईपर्यंत तो वाळूखाली राहतो, कधी दोन आठवडे, कधी महिना. तेवढ्या काळात त्याचं अंग मऊ असतं, ओल आणि ऊब दोन्ही लागतात, आणि त्याला उकरून काढलं तर तो बहुधा मरतो. मी घरी येऊन आईला बजावलं, "टाकीला हात लावायचा नाही."

"पण तो दिसत नाहीये. मेला असेल. त्या पहिल्यासारखा वास सुटेल."

"आई, तुला यातलं काही कळत नाही. तू मध्ये पडू नकोस."

मी आपली रोज सकाळ-संध्याकाळ काटा बघत राहिले.

तीन आठवडे झाले. एका रविवारी सकाळी मी स्टेशनकडच्या बाजारात गेले होते. दीड तासाने परत आले तर दिवाणखान्यात टाकी रिकामी. नुसती रिकामी नाही, धुऊन, पुसून, पालथी घातलेली. घरात आई नव्हती. मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि गच्चीवर धावले.

आईने जुनी चादर अंथरली होती, आणि तिच्यावर माझी रेती पातळ पसरून, गव्हात मारतो तसे बोटांनी चर मारून, वाळत घातली होती. शेजारी आमच्या दोन गाद्या. कठड्यावर एक कावळा. आई बाजूच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत गुडघे चोळत बसली होती.

"बुरसट वास यायला लागला होता गं," ती म्हणाली. "वाळली की भरू परत. तो मेलाय बघ. शंख तुला ठेवायला बाजूला काढलाय."

शंख चादरीच्या कोपऱ्यावर होता. शेजारी खेकड्याच्या पोकळ पायांचं वाळकं टरफल. आणि शंखाच्या तोंडाशी फिकट गुलाबी, ओलसर, मऊ असं काहीतरी होतं. मी खाली वाकले. त्यातला एक पाय हलला.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. लिहायला लाज वाटते, आणि सगळं आठवतं. मी म्हटलं, तुला सांगूनही कळत नाही. मी म्हटलं, या घरात माझी एकही गोष्ट माझी म्हणून राहत नाही. मी म्हटलं, तुला सगळं वाळवूनच बघायचं असतं. शेजारच्या गुजराती काकू लोकरीचे कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या, त्या "क्या हुआ बेन?" म्हणून तिथेच थबकल्या. मी त्यांच्यासमोरही थांबले नाही.

आईने मला मध्येच तोडलं. "जिवंत आहे?"

"होता! आता मरेल! अंग सुकलं की संपलं सगळं!"

"मग ओरडतेस काय? त्याला सावलीत घे."

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, कठड्याला धरून. दोन ओंजळी रेती तिने पदरात घेतली आणि जिना उतरायला लागली. मी शंख तळहातावर धरून मागून. उतरताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की तिने अख्खी टाकीभर रेती बादलीतून वर नेली होती, निदान चार खेपा तरी केल्या असतील, त्या गुडघ्यांनी. ते बघून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

स्वयंपाकघरात तिने मटकी भिजवायचं पातेलं काढलं. रेती त्यात घातली, ड्रममधलं पाणी चार बोटांनी शिंपडलं, मळलं, एक मूठ दाबून उघडली. रेतीचा लाडू वळला, पाण्याचा थेंब मात्र पडला नाही. मी कॅफेत हेच वाचलं होतं, आणि घरी मापाचा पेला घेऊन दोन महिने चुकत होते. तिने मधोमध खळगा केला, माझ्या हातातला शंख अलगद त्यात ठेवला, वरून रेती न दाबता सोडली. पंच्याचा तुकडा भिजवून, घट्ट पिळून पातेल्याच्या तोंडावर टाकला. वर ताट. भोवती जुनी दुलई गुंडाळली आणि सगळं गाठोडं फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे भिंत कायम कोमट असते, तिथे सरकवलं.

मी काट्याचं यंत्र आणून ताटाखाली ठेवलं. दहा मिनिटांनी बघितलं तर काटा ऐंशीला टेकलेला.

"तुला हे येत होतं?" मी विचारलं.

"मटकीला मोड काय यंत्र लावून येतात?"

"मग दोन महिने मी इथे पाणी शिंपडतेय, बल्ब लावतेय, काढतेय, तू बघत होतीस. एक शब्द बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली. "मला वाटलं, त्याला काही निराळं लागत असेल. इंग्रजीत लिहिलेलं." मग तिने हात धुतले आणि बाजारातून आणलेली भाजी निवडायला बसली. मी दुपारी जेवले नाही. माझं चुकलं असं मला वाटत होतं, आणि उन्हात रेती कुणी घातली हेही विसरता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका वेळी सहन करायच्या म्हणजे माणसाचं डोकंच फिरतं.

पुढे त्या पातेल्याला आईने मला हात लावू दिला नाही. "सारखं उघडलं की वाफ जाते," एवढंच म्हणायची. पंचा ती ओला करायची, दुलई ती सारखी करायची. पंखा तिने स्वतः बंद केला आणि संध्याकाळी कासवछाप अगरबत्ती खेकड्यापासून लांब, बाल्कनीत लावू लागली. मटकीसाठी आम्ही दुसरं पातेलं वापरलं. मला एका बाजूने हायसं वाटत होतं आणि दुसऱ्या बाजूने अंगाचा तिळपापड होत होता, कारण खेकडा माझा होता आणि त्याची खबर मला आईकडून घ्यावी लागत होती.

मग फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आलाय तुझा. काकडी दिलीय."

मी धावले. खेकडा पुन्हा टाकीत होता, आईने भरलेल्या ओल्या रेतीवर. रंग गडद झाला होता. डावीकडचा एक पाय गेला होता, बाकीच्यांनी तो काकडीच्या चकतीवर चढत होता. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. मग डोळे पुसून, साहजिकच, चिडले.

"कधी आला?"

"सकाळीच. तू गेलीस आणि दहा मिनिटांनी."

"सकाळी? मग मला फोन का नाही केलास? मी दिवसभर तिकडे..."

"ऑफिसात फोन करायचा नाही असं तूच सांगितलंयस. मीटिंग असते, सगळे बघतात." ती रागाने बोलत नव्हती. सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवत होती. "काही तातडीचं असेल तरच कर म्हणालीस. मला कळेना, खेकडा तातडीचा धरायचा का."

तिने दिवसभर ती बातमी एकटीने सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या फोनवरून घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला आईने उचलला. माझा आवाज ऐकताच ती घाबरून म्हणाली, "कोण गेलं?"

"कुणी नाही. सहज केलाय."

ती म्हणाली, "खरं सांग, कोण गेलं?"