आजोबांच्या ट्रॅक्टरचं वजन

इथे परदेशात, पुंगोलला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. लिफ्टमध्ये भेटले की गावाकडच्या, त्यांच्या आजोबांच्या जुन्या ट्रॅक्टरचं वजन किती उतरलं ते सांगतात. गावी असलेल्या त्यांच्या भावाला तो ओझं ओढण्याच्या स्पर्धेत हलक्या गटात बसवायचाय म्हणे. "मडगार्ड काढले, दिवेही काढले!" आणि परवा म्हणाले, "आता पुढे लोखंड टांगलं, नाहीतर ओढताना तोंड वर उचलतं." तेही तेवढ्याच आनंदाने. मला काही उमगत नाही.

होळीला मी पुरणपोळी पुढे केली, तर त्यांनी हात जोडले.

"ड्रायव्हरचंही वजन धरतात, वहिनी."

"अहो, पण चालवणार तर तुमचा भाऊ ना?"

"हो ना. तो तिकडे अर्धपोटी, आणि मी इथे पोळ्या खाऊ?"

मग मीही हातातली पोळी खाली ठेवली. का, ते विचारू नका.