चांदणीचं सिनेमातलं पदार्पण

सिनेमातल्या मोटारसायकलींचा आवाज खोटा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी थिएटरात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही मांडलंय. त्यामुळे स्वतःची पहिली शॉर्ट फिल्म करायला घेतली तेव्हा ठरवलं, आवाज अस्सल हवा!

अस्सल आवाज आमच्याच गल्लीत राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या मोटारसायकलला होता. (सायलेन्सर त्यांनी हौसेनं काढून टाकलेला.) शूटिंगच्या दिवशी सकाळी ते नेमके हातकणंगल्याला लग्नाला निघाले. "जावईबापू, चांदणीकडं ध्यान ठेवा. पाडव्याला पळवायची हाय." चांदणी म्हणजे त्यांची म्हैस. आम्हा तिन्ही जावयांत ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी ताब्यात दिली होती. मला भरून आलं. गाडीचं मात्र मी विचारलं नाही. (विचारलं असतं तर नाही म्हणाले असते!)

हिरो होता माझा आतेभाऊ पक्या. त्याला कॅमेऱ्यात बघायची खोड. म्हणून बजावलं, "मी कट म्हणेपर्यंत मागं बघायचं नाही, थांबायचं नाही. काहीही होऊ दे!" त्याचा मोबाइलही काढून घेतला. शूटिंगमध्ये फोन वाजलेला मला खपत नाही.

"अ‍ॅक्शन!"

पक्यानं किक मारली. गल्ली हादरली. आणि गोठ्यात चांदणीनं दावं तोडलं.

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात मालकाच्या गाडीमागं म्हशी पळतात, हे मी पाहिलं होतं. पण त्यासाठी म्हशीला त्याच गाडीच्या आवाजाची सवय लावतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आजऱ्याचा. आमच्याकडे म्हशी म्हशीसारख्या वागतात.

पक्या पुढे, चांदणी मागे! "कट! कट!" मी बोंबललो. पण आवाज इतका अस्सल होता की माझा मलाच कट ऐकू येईना.

बायको, वैशाली, पीठ लागल्या हातांनी बाहेर आली. "अवो, आबांची गाडी कुणी चालू केली?"

"मी... म्हणजे पक्यानं."

"मग फोन लावा की त्याला!"

लावला. माझ्याच खिशात वाजला.

वैशालीनं स्कूटी काढली, मी मागे बसलो. गळ्यातला कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर दिसला की मी डोळे मिटायचो. चांदणीला काही झालं तर? सासऱ्यांना काय तोंड दाखवू? खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो.

तेवढ्यात त्यांचाच फोन.

"काय जावईबापू, चांदणी काय करत्या?"

"गोठ्यात आहे की, मामा! निवांत रवंथ करतेय!" (मागं ट्रकचा हॉर्न.)

"आसं व्हय? मग आत्ता च्या प्यायला थांबलेल्या आमच्या जीपच्या बाजूनं पळत गेली ती कोण?"

वैशालीनं स्कूटी आणखी पळवली. आम्ही पोचलो तेव्हा जीपनं तिला गाठून सासरे लग्नाच्या फेट्यात भर रस्त्यात उभे होते आणि हाक मारत होते, "चांदेऽऽ, थांब!"

एकाच हाकेत चांदणी थांबली. वळली, चालत आली आणि त्यांच्या खांद्याला नाक घासू लागली. एक ओरखडासुद्धा नव्हता! पक्या मात्र मागं न बघता दिसेनासा झाला. पेट्रोल संपल्यावर थांबला आणि कुणाच्या तरी फोनवरून मला विचारलं, "दादा, शॉट ओके?"

सासरे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आले. "ते शूटिंग दावा."

तीनदा बघितलं. मग म्हणाले, "जावईबापू, डायरेक्टर म्हंजे काय वो? त्यानं थांब म्हटलं की समदी थांबत्यात, त्योच न्हवं?"

"हो, मामा."

"मग ह्या पिच्चरचा डायरेक्टर कोण? तुमी का मी?"

फिल्म पूर्ण झाली आहे. दिग्दर्शक म्हणून सासऱ्यांचं नाव आहे, प्रमुख भूमिकेत चांदणी. माझंही नाव आहे. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत : 'चारापाणी'!