सरांच्या पुस्तकातलं एक वाक्य

सरांचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. चंद्रपूरला त्यांचे जुने विद्यार्थी चहाला बसले, की एकेक निघतोच, आणि पुढच्या भेटीत थोडा फुगून परत येतो! मी आपली डोळ्यांदेखत घडलेलेच सांगते.

आमचे सर इतिहासाचे. गोंड राजांच्या कारभारावरच्या त्यांच्या पुस्तकानं त्यांचं नाव झालं. "राजाचा हुकूम गावोगाव चाले," हे त्यातलं वाक्य आमच्या पिढीला तोंडपाठ.

*

वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, सरांचं व्याख्यान होतं. एका इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "सर, राजाचा खजिना कुठी पुरला आहे?"

"त्यानं बांधलेल्या तलावात! दरवर्षी धान होऊन बाहेर येते. तुमीच खाऊन राह्यले ना भाऊ!"

हॉल हसला. साहेबांनी मात्र ते वहीत लिहून घेतलं.

*

पुढे सर माझे पीएचडीचे गाईड झाले. एकदा एसटीनं धानोऱ्याकडच्या एका गावी गेलो. तलावाच्या पाळीवर एक म्हातारे मासेमार जाळं दुरुस्त करत होते.

सरांनी विचारलं, "भाऊ, राजाचा हुकूम आला म्हंजेच तलावाचं पाणी सोडत होते का?"

"हुकूम येत आसन. पर कोनाचं धान वाळून राह्यलं, राजाले का मालूम? आमचे म्हातारे बसून ठरवत."

सर हसले. मला मात्र धडकीच भरली.

*

कारण त्याच गावच्या जुन्या मोडी कागदांत मला तेच सापडलं होतं. हुकूम आला, गाव बैठकीला बसलं, हुकूम परत गेला! माझ्या प्रबंधाचं प्रकरण सरांच्या पुस्तकाच्या थेट उलट. महिनाभर मी ते पिशवीत घालून फिरले. गाईड रुसला तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात!

शेवटी सरांना दिलं. आठ दिवसांनी सरांनी बोलावलं. म्हणाले, "एका गावावर एवढी उडी? आणखी गावं पाहा."

पाहिली. चार गावं पाहिली. चारही ठिकाणी तेच निघालं.

*

तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "बाई, तुमच्या गाईडचं पुस्तक तुम्ही वाचलेलं दिसत नाही!"

तेवढ्यात सर उठले आणि सरळ बाहेर निघून गेले. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच आलं.

पाच मिनिटांत परत आले. हातात लायब्ररीतलं त्यांचंच पुस्तक, मागे धापा टाकत ग्रंथपाल बाई. सरांनी पुस्तक परीक्षकांपुढे उघडलं, 'राजाचा हुकूम गावोगाव चाले' या वाक्यावर पेनानं रेघ मारली आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

"सर! काऊन पुस्तक खराब करून राह्यले?" बाई ओरडल्या.

"खराब नाई बाई, दुरुस्त करून राह्यलो. दुसरी कॉपी कुठी आहे?"