वैरणीखालची भाकरी

उसाचा वाळका पाला सळसळला की अजूनही माझ्या काळजात धस्स होते! कृष्णाकाठी वाढलेल्या बाईने या आवाजाला भ्यावे, हे ऐकून तुम्ही हसाल. सांगलीला माहेरी याच सळसळीने मला झोप लागे. पण शिराळ्याच्या वाटेवरच्या या गावी लग्न होऊन आले, बेचाळीसची धामधूम उसळली आणि माझा नवरा आमच्याच उसात भूमिगत होऊन बसला.

भाकऱ्या मी थापायच्या आणि पोचवायच्या सगुणाने. सगुणा म्हणजे आमच्या कुळाची बायको. ती आणि तिचा नवरा आमचे रान वाट्याने कसत. पाटीत तळाला भाकरी, वर रानातल्या बैलांसाठी म्हणून वैरणीचा भारा, आणि ही बाई पोलिसांच्या डोळ्यांदेखत खुशाल उसात शिरे! मी मात्र पिठाच्या हातांनी दारात जीव मुठीत धरून उभी. परत आली की म्हणे, “वैनी, भ्याचं न्हाई. मालक पोटभर जेवत्यात, आन् वर तुमची चटणी लय तिखट हाय म्हनत्यात!”

तेव्हा माझे राजकारण किती सोपे होते! गोरा गेला की सारे मंगल होणार, एवढीच त्यातली श्रद्धा. मग तो गेला. चावडीपुढे झेंडा लागला, आमच्या ह्यांच्या गळ्यात हार पडले, आणि सगुणा लांब बाभळीखाली उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला पुढे बोलवावे, हे कुणालाच सुचले नाही. त्या दिवशी माझ्या मनात काहीतरी खुपले ते खुपलेच. तरी मी स्वतःची समजूत घातली, की मालक मायाळू असला म्हणजे पुरे. जमीन कुणाच्या का नावावर असेना! ही समजूतही फार दिवस टिकली नाही. जिचे हात बारा महिने मातीत, तिचा त्या मातीवर काडीचा हक्क नसावा, हा कुठला न्याय? एकदा हा प्रश्न मनात शिरला, आणि भाकरी थापतानासुद्धा तो पाठ सोडीना. मामंजी आता उघड म्हणतात, “सूनबाईंच्या डोक्यात लाल वारं शिरलंया.” शिरले असेल बापडे! मला त्या रंगाची भीती वाटत नाही. भीती वाटते ती या घराच्या शांततेची.

कारण कुळांना हक्क देणारा कायदा आला, आणि मामंजींनी सगुणाला रान सोडायला सांगितले. हे मूग गिळून बसले. ज्या उसाने त्यांना लपवले, तो जिने राखला, तिच्यासाठी त्यांच्या तोंडून एक शब्द निघू नये? सगुणा माझ्याकडे आली होती. रडली नाही, भांडली नाही, नुसते विचारले, “वैनी, तवा मालकास्नी आमी लपावलं. आता आमी कुटं लपायचं?”

आता दोघे नवराबायको रानातल्या खोपटात ठाण मांडून बसली आहेत. पाऊल बाहेर पडले की खोपट मोडायचे, असा गड्यांना हुकूम आहे, आणि त्यांना कुणी पीठमीठ द्यायचे नाही, असा गावाला.

आज सकाळी मी भाकऱ्या थापल्या, पाटीच्या तळाला ठेवल्या आणि वर वैरण रचली. दारात हे उभे! मी पाटी डोक्यावर घेतली. मामंजींना हाक मारतील? पाटी खाली ठेवायला लावतील? वैरणीखाली काय असते, हे त्यांच्याहून अधिक कुणाला ठाऊक! त्यांनी पाटीकडे पाहिले आणि हळूच विचारले, “चटणी घेतलीस?”

मी मान डोलावली. ते दारातून बाजूला झाले, आणि आत वडिलांशेजारी जाऊन बसले.

मी उसात शिरले. वाटेत मागे पाला सळसळला, आणि काळजात पुन्हा तेच धस्स झाले. तेव्हा पोलिसांना भीत होते. आज माझ्याच घरचे कुणी मागे आले असेल, म्हणून भ्याले. मागे वळून पाहायचा धीर झाला नाही. पाटी सावरली आणि खोपटाकडे चालत राहिले.