लोकेशन बंद करून देऊ?

मेटगळ्ळीहून सुटलेल्या सिटी बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली होती. मी फोनवर नकाशा उघडला आणि याने सुरुवातच केली. "सार, ज्या ॲपचा कोड कुणाला वाचायला देत नाहीत, ते आपण खिशात घेऊन फिरायचं कशाला, अल्वा? हो की नाही?" दर वाक्याला तो अंगठ्याने ती पट्टी दाबत होता. माझं तर डोकं उठलं.

तेवढ्यात पुढच्या सीटवरच्या बाईचा फोन वाजला. "सिग्नलला थांबलीय हो बस," ती दबक्या आवाजात म्हणाली. फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. "खरंच बसमध्येच आहे."

तिचं मराठी ऐकून तो पुढे वाकला. "अक्का, लोकेशनवरून बघतायत तुम्हाला. बंद करून देऊ?"

तिने फोन छातीशी धरला. "नको अण्णा. एकदा केलं होतं बंद." मग पदर ओढून तिने गळ्यावरचा वळ झाकून घेतला.

तो मागे टेकला. अंगठा पट्टीवर तसाच राहिला.

चामराजपुरमला ती उतरली. बस अजून हललीही नव्हती, तोच खाली फोन वाजला.

"हो," खिडकीतून आम्हाला ऐकू आलं, "आत्ताच उतरले."