मांडी घालता येईना तेव्हा

त्या वर्षी वर्षावास अर्धा सरला आणि मला मांडी घालता येईनाशी झाली. बाहेरच्या माणसाला यात संकट ते काय, असं वाटेल. पण आमच्या पोशीरच्या बुद्धविहारात वर्षावासाचे तीन पावसाळी महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचणारा मूर्तीसमोर खाली बसतो, पुढ्यात पाट, पाटावर ग्रंथ. ती जागा बाबांची. ते गेले आणि ती माझ्याकडे आली. आता कमरेतून डाव्या पायात कळ उतरायची. खुर्चीवर बसून वाचणं म्हणजे मूर्तीसमोर ऐटीत बसणं, ते मला मान्य नव्हतं. कुणी मना केलं नव्हतं, नियम माझाच होता.

बाबा सुट्टीच्या दिवशी सभांना जाऊन चळवळीच्या पुस्तिका विकायचे. त्यांच्या पिशवीला शाईचा आणि दमट कागदाचा वास असे. मी वाचायला शिकले ती त्या पुस्तिकांवर, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की मी आधी बाजू घेते. डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचं सांगून हलका व्यायाम शिकायला सांगितलं, तेव्हाही मी बाजूच शोधत होते.

आधी कर्जतला योगवर्गाला गेले. खोटं कशाला सांगू, श्वासाच्या सरावाने झोप परत आली, खांदे मोकळे झाले. पुढे वाकायचं आसन तुम्ही करू नका, असं शिक्षकांनी बजावलं होतं. पण सगळे वाकत असताना मी एकटी बसून राहायची कशी? वाकले, आणि विजेचा झटका बसावा तशी कळ अंगठ्यापर्यंत गेली. मग कुंभिवलीजवळच्या एका फार्महाऊसवर ताई ची शिकायला जाऊ लागले. तो चिनी प्रकार, पाण्यातून हात फिरवावेत तसा संथ. त्यात कंबर शांत राहायची, तोल सुधारला. पण ईर्षेने फार खाली बसू लागले आणि गुडघे कुरकुरायला लागले. मी घरी येऊन एका पद्धतीवर टीका करायचे, दुसरीची वकिली करायचे. आई तांदूळ निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, "तू कमरेशी पन वाद घालतेस गं. ती उत्तर नाय देत, नुसती दुखते."

एका संध्याकाळी वाचताना दोन पानांतच पाय बधिर झाला. पुढचं वाचता येईना, उठताही येईना. एक वडीलधारे काका मायेनेच म्हणाले की बाबांची जागा तू चालवलीस, पण यंदा वाचन इथंच थांबवू. मला वाटलं, बाबांचा आवाज आज दुसऱ्यांदा बंद होतोय.

दाराशी पांढऱ्या साडीतल्या एक अनोळखी बाई बसल्या होत्या. नेरळची रिक्षा चुकली म्हणून टेकलेल्या. इस्पितळात म्हाताऱ्यांकडून व्यायाम करून घेण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. त्यांनी मला कुशीवर वळवून हळूच उठवलं आणि विचारलं, "तुजे बाबा शेवटी कसे वाचायचे गं?"

मी म्हटलं, बसून. मागून आई म्हणाली, "नाय. गुडघे गेले तवा उभ्यानंच वाचायचे. तू हॉस्टेलला होतीस."

मी आईला विचारलं, मग मला सांगितलं का नाही?

"खुर्चीचं नाव काढलं तर केवढं भाषान दिलंस. पुढं कोन बोलनार?"

काका हसले, मग सगळेच. बाई म्हणाल्या, "वंदनेला आपन उभेच असतो ना? मग उभी ऱ्हा. पान उलटलं की वजन या पायावरनं त्या पायावर ने. कळ पायात उतरली की थांब, हट्ट करू नको."

भाषणाचा लाकडी स्टँड मूर्तीसमोर आणला. मी उभी राहिले. श्वास योगवर्गातला होता, वजन टाकणं ताई चीचं, आणि धीर त्या बाईंचा. वाचन पुढे सुरू झालं. पान संपवून वर पाहिलं तर दाराशी कुणी नव्हतं. बाहेर रिक्षा वळल्याचा आवाज आला. नाव विचारायचं राहून गेलं.

रिक्षा चुकली नसती तर, असा विचार मी करत नाही. त्या आल्या, एवढंच लिहिते. आश्विन पौर्णिमेला ग्रंथ पूर्ण झाला. लहानपणापासून रोज शरण जाण्याचे शब्द म्हणत आले, पण माझ्या लेखी शरण म्हणजे माघार होती. आता वाटतं, जे अंग नाही म्हणतं त्याचं ऐकणं ही शरण जाण्याची पहिली पायरी असावी. योग असो की ताई ची, मला उपयोग झाला तो ऐकलं तेव्हा, आणि इजा झाली ती ईर्षा केली तेव्हा.

यंदाही मीच वाचते. पान उलटताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, आणि मागे बसलेली आई म्हणते, बाबा अगदी असेच डुलायचे. मी दाराकडे बघून मनातल्या मनात जय भीम करते आणि पुढचं पान वाचायला घेते.