शेऱ्याचा रकाना

हवामानाच्या आकड्यांची फाइल कशी असावी, हे ठरवणाऱ्या समितीत मी होतो. वर्ध्याचा मी एकटाच. गावोगावच्या पावसाच्या जुन्या वह्या एकाच साच्यात बसवायच्या, कोणत्याही संगणकाला वाचता याव्यात, एवढंच काम. पण मिलिमीटर आखूड लिहायचं की पूर्ण, यावर आम्ही इतके भांडलो की तेवढ्यात बोर धरण दोनदा भरून वाहिलं असतं.

मग निघाला शेऱ्याचा रकाना. मोजणाऱ्याने वहीत आकड्यांखेरीज काही लिहिलं असेल, तर ते फाइलीच्या माथ्यावर ठेवायचं की नाही? मी उठलो. म्हणालो, शेरे म्हणजे कचरा. आमच्याकडे एकाने पावसाच्या वहीत म्हैस व्यायल्याची नोंद केली आहे, पारडाच्या वजनासकट. अशी वही जगात नाही, ती थाप मी उभ्या उभ्या रचली होती. सभा पोट धरून हसली आणि रकाना उडाला.

हिंगणीला माझे मामा राहतात. मला मिशी फुटायच्या आधीपासून ते रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजत. पोरीच्या लग्नात वरात दारात थांबवून आधी पाणी मोजलं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. रीत अशी की सकाळी मोजलेलं पाणी त्याच सकाळच्या तारखेला लिहायचं. मामा आदल्या दिवसाच्या तारखेला लिहीत. पाणी मंगळवारी पडलं तर ते बुधवारचं कसं? प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी तसं स्वच्छ लिहूनही ठेवलं होतं.

तो शेरा होता. तो गेला, आकडे राहिले. तपासणीच्या प्रोग्रामने ते शेजारच्या गावांशी ताडून पाहिले, तर हिंगणीचा पाऊस कायम एक दिवस आधी. हिंगणीचं सगळं केंद्र बाद, मामांच्या साऱ्या वह्यांसकट.

मी समितीत धावलो. तारखा एक दिवस पुढे सरकवा म्हटलं. त्याला फाइलीत लेखी आधार हवा, म्हणे. मग रकाना परत आणा म्हटलं. अध्यक्षबाई गोड हसल्या. ‘‘आणि तुमच्या म्हशीचं काय करायचं?’’

हिंगणीला गेलो. जन्मभर थापा मारल्या, त्या संध्याकाळी एकही सुचली नाही. सगळं सांगून टाकलं, म्हशीसकट. बाहेर पाऊस लागला होता. मामांनी गठ्ठ्यातली वरची वही ओढली आणि पहिलं पान माझ्यापुढे धरलं.

‘‘म्या तं लिहून ठेवलं होतं ना बापा,’’ एवढंच म्हणाले.

सकाळी साडेआठ वाजले तरी ते खाटेवरच. मीच मोजपात्र घेऊन अंगणाकडे निघालो.

‘‘राहू दे,’’ मामा म्हणाले. ‘‘कोन्त्या तारखेत टाकशीन?’’

मी मोजलं नाही. त्या दिवशी हिंगणीत किती पाऊस झाला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही, आणि मी तर काहीही सांगतो.